पाणी मुरणारं पार्किंग, कमी तापणारी गच्ची: दुसऱ्या शहराचा नमुना आपल्याकडे उतरवताना

२ जुलै २०११ रोजी कोपनहेगनमध्ये दोनेक तासांत सुमारे १५० मिमी पाऊस पडला. पुढच्याच वर्षी त्या शहराने ढगफुटीसाठी स्वतंत्र आराखडा केला. जादा पाणी फक्त पाइपांनी वाहून न्यायचं नाही, ते कुठल्या रस्त्यावरून जाईल आणि कुठल्या मैदानात थांबेल हे आधीच ठरवायचं, असा तो विचार. २०१५ मध्ये न्यूयॉर्कने कोपनहेगनशी करार करून तो उचलला, आणि क्वीन्स भागातल्या साउथ जमैका हाउसेस या सरकारी वसाहतीत बास्केटबॉलचं मैदान खोलगट करून पाणी साठवायची रचना आखली. आपल्याकडे अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, आणि त्याच वाटेने २०१६ मध्ये नागपूरचा झाला.

असं पाहून-वाचून आपल्या सोसायटीत किंवा वॉर्डात काही करायचं ठरतं, तेव्हा बहुतेक वेळा तिकडचा फोटो येतो आणि हिशेब तिकडेच राहतो. छिद्रं असलेले ब्लॉक बसतात, खाली मात्र नेहमीचं काँक्रीट असतं. दोन पावसाळ्यांत लोक म्हणायला लागतात, 'हे आपल्याकडे चालत नाही.' चालतं. पण पाऊस, माती, धूळ आणि वजन हे चारही आकडे आपले घालावे लागतात. इथे उदाहरण २०० चौरस मीटरच्या पार्किंगचं (ब्लॉकांच्या सांध्यांतून पाणी खालच्या खडीच्या थरात साठतं आणि तिथून मातीत मुरतं) आणि वरच्या गच्चीचं घेतलं आहे. वॉर्डातल्या गल्लीला किंवा शाळेच्या आवारालाही हिशेब हाच.

आधी पाऊस ठरवा

१ मिमी पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. हे पाठ झालं की पुढचं सोपं. मुंबईची जुनी पर्जन्य गटारं तासाला २५ मिमी पावसासाठी होती, ती गटारं सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ती क्षमता ५० मिमीवर न्यायचं ठरलं. हवामान खात्याच्या व्याख्येत २४ तासांत ६४.५ मिमीच्या पुढे 'जोरदार', ११५.६ मिमीच्या पुढे 'अति जोरदार' आणि २०४.५ मिमीच्या पुढे 'अत्यंत जोरदार' पाऊस. आवारातल्या फरसबंदीने कुठवर झेलायचं? आमच्या मते २ ते ३ तासांत १०० मिमी हा धरायला बरा आकडा. त्याहून कमी धरला तर दर पावसाळ्यात दोन-चार वेळा पार्किंग तुंबेल. फार जास्त धरला तर खोदकामाचा खर्च ऐकून सर्वसाधारण सभा विषयच गुंडाळेल.

या पृष्ठभागाची मर्यादाही कमिटीला आधीच सांगून ठेवा. चीनमधल्या झेंगझोऊ शहराने 'स्पंज सिटी' योजनेत, म्हणजे शहराने स्पंजासारखं पाणी शोषावं यासाठी, मोठा पैसा घातला होता. तरी २० जुलै २०२१ रोजी तिथे एका तासात २०१.९ मिमी पाऊस पडला आणि शहर बुडालं. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला होता. अशा दिवशी खडीचा थर सुरुवातीलाच भरतो. म्हणून जादा पाण्याची वाट कागदावरच आखलेली हवी.

मग माती: खड्डा खणून बघा

जागेवर किमान दोन ठिकाणी एक फूट लांब, एक फूट रुंद खड्डा खणा. खोली तितकीच, जितक्या खाली तुमचा खडीचा तळ येणार आहे. उदाहरणात ती ४७० मिमी आहे. तळ पहारीने खरवडून मोकळा करा, सुटी माती काढा, काठोकाठ पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा १५० मिमी पाणी भरा, पट्टी उभी करा आणि दर अर्ध्या तासाला पातळी लिहा. उतरण्याचा वेग सलग तीनदा साधारण सारखा आला की तो तुमचा आकडा. खड्ड्याच्या भिंतींतूनही पाणी मुरतं, त्यामुळे हिशेबात त्याचा निम्माच धरा.

ही चाचणी मे महिन्यात काळ्या मातीवर एकदाच पाणी ओतून करू नका. तडकलेली माती पहिलं पाणी गटागट पिते आणि आकडा सुंदर येतो. जूनच्या अखेरीस तीच माती फुगून भेगा बंद करते. रात्रभर भिजवायचं ते यासाठीच. शंका असेल तर दोन रात्री भिजवा.

निम्मा आकडा तासाला १० मिमीच्या वर असेल तर १०० मिमी पाणी १० तासांत जिरेल, काम उत्तम होईल. ५ मिमी असेल तर २० तास लागतील, तेही चालेल. २ मिमीच्या खाली असेल तर केवळ मुरण्यावर भिस्त ठेवू नका, तळाला पाइप लागेल. युरोपातल्या पुस्तकांत थर ४८ ते ७२ तासांत रिकामा झाला तरी चालतो असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे जुलैत पाऊस रोज येतो, त्यामुळे मर्यादा २४ तासांची ठेवा.

चाचणी झाली की खड्डा आणखी खोल खणून कातळ किंवा पाणी कुठे लागतं तेही पाहा. खडीच्या तळापासून कातळ किंवा भूजल किमान ६०० मिमी खाली हवं. पुण्यात अनेक ठिकाणी फूटभर मुरुमाखाली अखंड कातळ लागतो. तिथे मुरलेलं पाणी आडवं सरकतं आणि शेजारच्या इमारतीच्या तळघरात निघतं. कोकणातला जांभा या कामाला छान. मुंबईत भराव घातलेल्या, समुद्राजवळच्या जागांवर भरतीच्या वेळी भूजलच वर येतं, तिथे मुरवण्याचा हट्ट सोडून टाकीचा विचार करावा. मुंबईतल्या सखल हिंदमाता परिसरासाठी महापालिकेने जमिनीखाली साठवण टाक्या बांधल्या आहेत.

इमारतीच्या पायापासून, भूमिगत पाण्याच्या टाकीपासून आणि सेप्टिक टाकीपासून ३ मीटर अंतर ठेवा. बोअरवेल जवळ असेल तर पार्किंगचं पाणी तिकडे मुरवूच नका, त्यात गाड्यांचं तेल असतं.

खडीचा हिशेब

पाणी साठतं ते खडीच्या दाण्यांमधल्या मोकळ्या जागेत. एकाच मापाच्या स्वच्छ खडीत ती जागा सुमारे ४० टक्के असते. म्हणजे १०० मिमी पावसासाठी २५० मिमी जाडीचा थर लागतो. पण ४० टक्के हे पुस्तकातलं झालं, तुमच्या क्रशरची खडी मोजून घ्या. २० लिटरची बादली खडीने काठोकाठ भरा, मग मापाने पाणी ओता. ८ लिटर मावलं तर ४० टक्के. साडेसहाच मावलं तर ३२ टक्के, आणि थर ३१० मिमीच्या पुढे न्यावा लागेल. पाच मिनिटांचं काम आहे. कुणी करत नाही.

गच्चीच्या पन्हळीचं पाणीही याच पार्किंगवर सोडायचं असेल तर ते वेगळं मोजा. १०० चौरस मीटर गच्चीचं १०० मिमी म्हणजे १०,००० लिटर. २०० चौरस मीटरवर पसरलं की आणखी ५० मिमी, थर ३७५ मिमी. बाहेरून येणारं क्षेत्र मुरवणाऱ्या क्षेत्राच्या दुपटीपेक्षा जास्त नको. उघड्या मातीवरून येणारं पाणी तर अजिबात नको. एका जोरदार सरीत येणारा गाळ सगळे सांधे बुजवून जातो.

आपल्या उदाहरणात, वरून खाली:

- ८० मिमी जाडीचे, एम-४० दर्जाचे पेव्हर ब्लॉक, कडेला ८ ते १० मिमी सांधा सोडणारे कंगोरे असलेले
- ४० मिमी ग्रिट, म्हणजे ३ ते ८ मिमीची धुतलेली बारीक खडी. सांध्यांतही तीच, फक्त चाळून ५ मिमीच्या आतली
- १०० मिमी, २० मिमी मापाची खडी
- २५० मिमी, ४० मिमी मापाची खडी, हाच साठवणीचा थर
- जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, न विणलेलं, तळाला आणि बाजूंना

४० मिमीची खडी ५० घनमीटर, म्हणजे १७.७ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). दाबल्यावर बसते म्हणून २० ब्रास मागवा. २० मिमीची ८ ब्रास आणि ग्रिट सांध्यांसकट ४ ब्रास धरा. खोदकाम ९४ घनमीटर म्हणजे ३३ ब्रास, पण सुटी झालेली माती फुगते, त्यामुळे डंपरचा हिशेब ४० ब्रासच्या पुढे करा. माती कुठे टाकायची हे ठेकेदाराकडून लेखी घ्या, नाहीतर ती मागच्या नाल्यात जाते आणि मुरवलेल्या पाण्याचं पुण्य तिथेच संपतं.

वजनाचं काय? मोटारींना ही रचना पुरते. पाण्याचा टँकर येत असेल तर नाही. १०,००० लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच १० टन असतं आणि तो रोज एकाच चाकोरीतून येतो. टँकरची वाट सरळ काँक्रीटची करा आणि तिचा ढाळ मुरवणाऱ्या भागाकडे द्या.

खडी धुतलेली हवी, आणि ते 'हवी' कागदावर हवं

हे काम फसण्याचं पहिलं कारण धूळ. क्रशरवरून येणाऱ्या खडीला दगडाची भुकटी चिकटलेली असते. ती पाण्याबरोबर खाली उतरून जिओटेक्स्टाइलवर थर धरते आणि तळ बंद होतो. वरून सगळं छान दिसत असतं, त्यामुळे दोष मातीला लागतो. गाडी रिकामी व्हायच्या आधी पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश खडी आणि उरलेलं पाणी भरून हलवा, तासभर ठेवा. पाणी गढूळच राहिलं किंवा खडीवर चिखलाची साय दिसली तर गाडी परत पाठवा. धुवायची तर क्रशरवरच. आवारात धुतली तर तो गाळ आपल्याच खड्ड्यात किंवा गटारात जाणार.

दुसरं कारण सवय. पेव्हर बसवणारा गवंडी खाली क्रश सँड पसरतो, सांध्यांत बारीक वाळू झाडतो आणि पार्किंग म्हटलं की आधी १०० मिमी पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, ओततो. नेहमीच्या कामात त्याचं बरोबरच असतं. इथे या तिन्ही गोष्टी काम मारतात. निविदेत आणि कामाच्या आदेशात ठळक लिहा: पीसीसी नाही, क्रश सँड नाही, वाळू नाही, डस्ट नाही. आणि पहिल्या दिवशी गवंड्याला प्रत्यक्ष दाखवा. आदेश ठेकेदाराच्या फायलीत असतो, फावडं गवंड्याच्या हातात.

बसवण्याचा क्रम

काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये, आणि आवारातली बाकीची सगळी बांधकामं, रंगकामं, केबलची खोदाई उरकल्यावर. मुरवणाऱ्या फरसबंदीवर एकदा सिमेंट-वाळू कालवली की तो तुकडा गेलाच समजा.

खोदताना जेसीबी खड्ड्याच्या बाहेर उभा ठेवा. चाकांखाली तळ दाबला गेला की मुरण्याचा वेग घटतो. तळाला रोलर नको. सैल जागा असतील तिथे धुमस पुरे. तळ सपाट ठेवा, लेव्हल पाइपने तपासा. वरच्या फरसबंदीला १ टक्का ढाळ असू द्या, पण तळाला ढाळ दिला तर पाणी खडीतून वाहत खालच्या टोकाला जातं आणि तिथले ब्लॉक उचलतं. जमीनच उताराची असेल तर तळाच्या पायऱ्या करा आणि प्रत्येक पायरीच्या कडेला मातीचा किंवा काँक्रीटचा आडवा बांध ठेवा.

जिओटेक्स्टाइलचे पट्टे एकमेकांवर किमान ३०० मिमी चढवा. सांध्यांसाठी आणि बाजूंसाठी धरून २०० चौरस मीटरला अडीचशे लागेल. ते फक्त माती आणि खडीच्या मध्ये. ग्रिट आणि खडीच्या मध्ये कापड टाकायचा सल्ला काही पुरवठादार देतात, ऐकू नका. वरच्या कापडावर गाळ अडतो आणि तो काढायला सगळे ब्लॉक उचलावे लागतात. खडी आणि ग्रिटची मापं बरोबर असली की ग्रिट खाली गळत नाही.

४० मिमीची खडी १२५ मिमीच्या दोन थरांत पसरा. प्रत्येक थरावर छोटा रोलर, आधी कंपनासह दोन फेऱ्या, मग कंपन बंद करून दोन. दगड फुटून पांढरी भुकटी दिसायला लागली की थांबा. मग २० मिमीची खडी. त्यावर ग्रिट पसरून फळीने सारखी करा, दाबू नका, आणि तिच्यावर कुणाला चालू देऊ नका.

त्याआधी कर्ब, म्हणजे कडेचे दगड, बसलेले असू द्यात, काँक्रीटच्या पायावर. कर्ब हलला की ब्लॉक पसरतात. गाड्यांच्या जागी ब्लॉक हेरिंगबोन, म्हणजे एकमेकांना काटकोनात अडकणाऱ्या, नक्षीत लावा. सरळ ओळींत लावलेले ब्लॉक गाडी वळली की सरकतात. एक तृतीयांशापेक्षा लहान कापलेला तुकडा कडेला नको. रबरी पट्टा लावलेला प्लेट कॉम्पॅक्टर (कंपनाने दाबणारं यंत्र) फिरवा, सांधे भरा, पुन्हा फिरवा, पुन्हा भरा. बागेची माती कर्बच्या माथ्यापेक्षा ५० मिमी खाली ठेवा. हे राहून गेलं तर पहिल्याच पावसात लाल चिखल सांध्यांत उतरतो.

जादा पाण्यासाठी ४० मिमी खडीच्या माथ्याच्या पातळीला ११० मिमीचा पीव्हीसी पाइप काढून पर्जन्य गटाराच्या चेंबरमध्ये न्या. सांडपाण्याच्या लाइनला जोडू नका, उलटा दाब आला तर खडीत मैला शिरेल. एका कोपऱ्यात तळापर्यंत जाणारा १०० मिमीचा उभा पाइप ठेवा, खालच्या भागाला छिद्रं, वर झाकण. पाऊस थांबल्यावर त्यात काठी घालून आत किती पाणी आहे ते कळतं. दोन-तीनशे रुपयांची ही सोय, पण पुढच्या सगळ्या वादांचं उत्तर तिच्यातच असतं.

काळी माती असेल तर

फुगणाऱ्या मातीत पाणी मुरवायला जाऊ नये, विशेषतः इमारतीजवळ. तळ आणि बाजूंना जाड प्लास्टिकचा कागद, त्याच्या दोन्ही अंगांना जिओटेक्स्टाइल, आणि तळाशी १ टक्का ढाळात सच्छिद्र पाइप. मग ही जागा मुरवणारी न राहता उथळ टाकी होते. पाइपाच्या तोंडाला टोपी लावून तिला २२ मिमीचं एकच भोक पाडा. २० घनमीटर पाणी त्यातून साधारण २२ तासांत जातं, रस्त्यावरचं गटार सरीच्या वेळी मोकळं राहतं. भोक फार मोठं केलं तर सगळं पाणी झटपट गटारात, आणि एवढी खडी घालून काहीच साधलं नाही. भोकाच्या आतल्या अंगाला जाळी लावा आणि टोपी हाताने काढता येईल अशी ठेवा.

गवताचे ब्लॉक दिसायला छान. रोज गाडी उभी राहते तिथे गवताला ऊन मिळत नाही आणि दिवाळीपर्यंत ब्लॉकांच्या भोकांत नुसता चिखल उरतो. अग्निशमन गाडीसाठी मोकळी ठेवलेली वाट किंवा पाहुण्यांची क्वचित वापराची जागा, एवढ्यापुरतेच ते घ्यावेत. सच्छिद्र काँक्रीट आपल्या धुळीत सांध्यांच्या ब्लॉकपेक्षा लवकर बुजतं आणि उघडून साफ करता येत नाही.

निगा

झाडलोट कोरडी, आठवड्यातून एकदा, पानगळीच्या दिवसांत रोज. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात मोठी सफाई: कडक झाडूने सांध्यांतला कचरा उकरा, औद्योगिक व्हॅक्यूमने ओढा. बुजलेल्या ठिकाणी सांध्यातली वरची २० ते २५ मिमी ग्रिट काढून नवी भरा. घाण बहुतेक त्या वरच्या इंचातच अडकलेली असते. प्रेशर वॉशर सरळ खाली धरला तर गाळ आणखी आत जातो, तिरका धरा आणि मागोमाग पाणी ओढून घ्या.

गणेशोत्सवाच्या मांडवाचं आधीच ठरवा. खांबांसाठी ब्लॉक उपसून नंतर सिमेंटने बुजवलेली भोकं हा ठरलेला शेवट आहे. बांधतानाच काँक्रीटच्या ठोकळ्यात झाकणासह पाइप पुरून ठेवले की मांडव त्यातच उभा राहतो. होळी या फरसबंदीवर नको.

मुरण्याचा वेग मोजायला ३०० मिमी व्यासाचं कडं घ्या, प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडाही चालेल. प्लंबरच्या पुटीने ते ब्लॉकवर चिकटवा, आधी ३.६ लिटर पाणी ओतून भिजवा. मग १८ लिटर असं ओता की आत पाण्याची उंची १० ते १५ मिमीच राहील, आणि पाणी संपेपर्यंतचे सेकंद मोजा. ९,१६,७०० ला त्या सेकंदांनी भागलं की तासाला मिमी. ६० सेकंद लागले तर सुमारे १५,००० मिमी, नव्या कामाला साजेसा आकडा. दरवर्षी त्याच तीन जागी मोजा. २,५०० च्या खाली आला की सांधे उकरायची वेळ झाली. पावसाच्या ५०-१०० मिमीच्या मानाने हा आकडा अवाढव्य वाटेल, पण या वेगाची घसरण एकदा सुरू झाली की ती झपाट्याने होते आणि सगळीकडे सारखी होत नाही. फाटकाजवळची जागा सगळ्यात आधी जाते.

गच्ची

उन्हाळ्यातल्या गारव्यासाठी पार्किंगवर फार विसंबू नका. मुरणारी फरसबंदी ओली असते तेव्हा बाष्पीभवनाने थंड राहते. मे महिन्यात कोरडी असताना दुपारी ती नेहमीच्या ब्लॉकइतकीच तापते. संध्याकाळी सडा मारला तर फरक पडतो, पण टँकरचं पाणी घेणाऱ्या सोसायटीने ते करू नये. घराच्या आतली उष्णता कमी करायची तर गच्ची पांढरी करणं सगळ्यात स्वस्त. तेलंगणाने २०२३ मध्ये कमी तापणाऱ्या गच्च्यांसाठी धोरणच काढलं आणि सरकारी व व्यापारी इमारतींना ते सक्तीचं केलं.

आधी गळती बंद करा. ओल्या स्लॅबवर रंग मारला की वाफेने फुगे येतात. फूट-दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर उन्हात ठेवा, आतून घाम आला तर थांबा. शेवाळ खरवडून गच्ची धुवा, भेगा व्ही आकारात कोरून पॉलिमर मॉर्टरने भरा, पॅरापेटच्या वाट्या तपासा. पाणी साठणारे खळगे कोब्याने सारखे करा, कारण साठलेल्या पाण्याखाली कुठलाही रंग टिकत नाही.

पैसे कमी असतील तर चुना. कळीचा चुना १ किलोला ५ लिटर पाणी, २४ तास भिजवून फडक्याने गाळा, डिंक किंवा पाण्यात मिसळणारं चिकटद्रव्य घाला, तीन हात मारा. चुना भिजताना उकळतो, प्लास्टिकची बादली वितळते. लोखंडी पिंप घ्या, डोळ्यांवर चष्मा लावा. एक पावसाळा गेला की पुन्हा मारावा लागतो. टिकाऊ हवं तर उन्हासाठीचा अॅक्रिलिक रंग, दोन हात, एकमेकांना आडवे, सकाळी ११ च्या आत. दुपारी तापलेल्या कोब्यावर रंगाची वरची साय आधी सुकते आणि खालचा ओला राहतो. डब्यावर लिहिलेलं क्षेत्रफळ गुळगुळीत पृष्ठभागाचं असतं, खडबडीत कोब्याला दीडपट रंग धरा. नव्या कामाला फोडक्या पांढऱ्या टाइल्सचं चायना मोझाइक बरं, धुतलं की पुन्हा पांढरं.

चकचकीत म्हणजे थंड असं समजू नका. नवा जस्ती पत्रा ऊन परतवतो, पण शोषलेली उष्णता बाहेर टाकण्यात तो कमी पडतो, म्हणून तापतो. त्यावर पांढरा रंगच हवा. अॅस्बेस्टॉसचा पत्रा कोरडा घासू नका, प्रेशर वॉशरही नको. ओला करून मऊ ब्रशने पुसा आणि फळी टाकल्याशिवाय त्यावर पाय देऊ नका. पत्रा फुटून माणसं पडतात.

मुंबई-कोकणात ऑक्टोबरपर्यंत पांढरी गच्ची काळी-हिरवी झालेली असते. पावसानंतर एकदा आणि फेब्रुवारीत एकदा धुवायचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकात घाला.

मग रस्तेही पांढरे करावेत का? अमेरिकेतल्या फिनिक्सने २०२० पासून रस्त्यांवर फिकट लेप दिला आणि तिथल्या विद्यापीठाने तो मोजला. दुपारी पृष्ठभाग सुमारे ६ अंश सेल्सिअसने कमी तापला, पण परावर्तित उन्हामुळे त्यावर उभ्या माणसाच्या अंगावर येणारा उष्ण किरणांचा मारा सुमारे ३ अंशांनी वाढला. माणसं चालतात तिथे झाड लावा, पांढरा रंग गच्चीवर ठेवा.

पुढच्या शहरासाठी नोंद

दुसऱ्या शहरातलं काम बघायला गेलात तर नवं काम बघू नका, तीन पावसाळे झालेलं दाखवा म्हणा. विचारायचं ते असं: खडीचं माप आणि पोकळी किती, माती तासाला किती मिमी पिते, सांधे कधी उकरले, झाडणाऱ्याचा पगार कुठल्या खात्यातून. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर बाकीची उत्तरं कितीही चांगली असोत, तो नमुना उचलू नये.

तुमच्या कामाचंही एक पान तयार ठेवा. खड्डा चाचणीचे आकडे, थरांचा छेद, बादलीतली पोकळी, खडीचे दर, दरवर्षीच्या कडं-चाचणीचे सेकंद तारखेसकट, उभ्या पाइपातली पाण्याची उंची आणि त्या दिवशीचा पाऊस. काय बिघडलं ते वर लिहा, खाली नको. छेदाचा फोटो खडी उघडी असतानाच काढा, बाजूला टेप धरून.